प्रत्येक चित्रात काळी पेटी

‘ताई, आम्ही वानवडीत राहतो. मिस्टर आर्मीत हवालदार आहेत. गाव कोरेगाव तालुक्यातलं. मागच्या वर्षी मे महिन्यात ह्यांची युनिट फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी गेली, तेव्हा दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन मी इथं सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये आले. मुलगी तीन वर्षांची. मुलगा नऊ पूर्ण, चौथीत. ही त्याची चौथी शाळा.

तो पहिल्यापासून चित्रं काढतो. पण इथं आल्यापासून काहीही काढलं तरी त्यात काळी पेटी असतेच. ह्यांची सामानाची ट्रंक असते ना, ती. गणपती काढला तर गणपतीशेजारी ट्रंक, समुद्र काढला तर वाळूत ट्रंक. काळा खडू आठवड्यात संपतो. यंदा जुलैत शाळेत कारगिल विजय दिवसाची स्पर्धा होती, विषय ‘सीमेवरचा जवान’. यानं काढले पप्पा, घरी कॉटवर झोपलेले, पांघरुणातून पाय बाहेर, मोज्याला भोक, कॉटखाली ट्रंक. मॅडम म्हणाल्या, यात जवान कुठाय? दुसरं काढ. यानं कागद फाडला आणि दिवसभर बोलला नाही.

मागच्या आठवड्यात ‘माझे कुटुंब’ काढलं. आजी, मी, छोटी, तो स्वतः आणि मधे ट्रंक. मी विचारलं, पप्पा कुठायत? म्हणाला, ‘आत.’ ताई, माझ्या पोटात गोळाच आला. टीव्हीवर तिरंग्यातली पेटी किती वेळा बघितलेली असते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

हे डिसेंबरात पंचवीस दिवस येऊन गेले, तेव्हा दोन दिवस तो त्यांच्याजवळ गेलाच नाही. सासूबाई म्हणतात, फौजीचं पोरगं असं हळवं नसावं, चित्रं बंद कर, मैदानावर पाठव. शेजारच्या म्हणतात क्लासला घाल. मला वाटतं डॉक्टरांना दाखवावं. ह्यांना मी काहीच सांगितलेलं नाही, तिथं त्यांच्या डोक्याला ताप नको. काय करू? — एक आई, वानवडी’

ताई,

तुमचं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारी पुन्हा वाचलं. सुरुवात त्या ‘आत’पासूनच करते, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे.

‘आत’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आली ती टीव्हीवरची पेटी. मुलाच्या डोळ्यांसमोरही तीच असेल असं धरून चालू नका. त्याच्या ओळखीची पेटी तुमच्या घरातली आहे. माझे वडील सैन्याच्या इंजिनिअर दलात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते, त्यामुळे ती पेटी मी डोळे मिटून सांगू शकते. काळा ऑइलपेंट, कोपऱ्यांवर उडालेला. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. रँक बदलली की आधीची अक्षरं काळ्यानं झाकायची आणि वर नवी काढायची, पण उन्हात तिरकं पाहिलं की जुनी अक्षरं खालून उठून दिसतात. झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्या, बूटपॉलिश आणि इस्त्रीचे कपडे यांचा एकत्र वास. वडील यायचे तेव्हा रिक्षातून आधी पेटी उतरायची, मग ते. निघायचे तेव्हाही आधी पेटीच दाराबाहेर जायची. लहान मुलाच्या हिशेबात पेटी आली की पप्पा आले, पेटी गेली की पप्पा गेले. मग पप्पा तिच्या आत असले तर त्याच्या दृष्टीनं त्यात नवल ते काय?

अर्थात हा माझा अंदाज. खरं त्यालाच माहीत आहे. ‘आत’ ऐकून तुम्ही तिथंच थांबलात. मीही थांबले असते. पण आता विचारा. हाताशी लसूण सोलायला घ्या, चित्र शेजारी असू द्या, आणि ‘पप्पा आत का काढलेस?’ असं विचारू नका. त्यात तुमची भीती आधी ऐकू येते. ‘या पेटीत अजून काय काय आहे रे?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो ‘काही नाही’ म्हणाला तर ‘बरं’ म्हणा. परवा-तेरवा तुम्ही पोळ्या लाटत असताना आपणहून येऊन सांगेल. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलं मनातली गोष्ट बाई फळा पुसत असतानाच सांगायची, पाठमोऱ्या बाईंना.

आता, समजा तुम्हाला वाटलं तेच तो म्हणाला. तेही होऊ शकतं, आणि त्याची तयारी ठेवा. तुम्ही वानवडीत राहता. कमांड हॉस्पिटल तिथं आहे, 1944 पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र तिथंच आहे. नवीन पाय लावून चालायचा सराव करणारा जवान तिथल्या मुलांना बाहेर कधी ना कधी दिसतोच. क्वार्टरमधली मुलं आपापसात काय बोलतात ते आपल्यापर्यंत येत नाही. अशा मुलाला ‘छे, असं काही होणार नाही’ हे वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही आणि नऊ वर्षांच्या पोराला ते कळतं. मग पुढच्या वेळी तो विचारत नाही. तुमच्या हातात आहे तेवढं सांगा: ‘पप्पांबरोबर त्यांची सगळी माणसं आहेत. मला जे कळेल ते मी तुला सांगणार, तुझ्यापासून लपवणार नाही. मलाही कधीकधी भीती वाटते.’ शेवटचं वाक्य गाळू नका. आई घाबरते हे त्याला तसंही दिसतं. तुम्ही ते बोललात की त्याला एकट्यानं सांभाळावं लागत नाही.

काळ्या खडूची मात्र काळजी सोडा. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख अशी कोष्टकं फिरत असतात, लोक ती पंचांगासारखी वाचतात. एका रंगावरून किंवा एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान होत नाही. कुणी छातीठोकपणे करत असेल तर त्यांना नमस्कार करून निघून या. तुमच्या मुलाची ट्रंक काळी आहे कारण ट्रंक काळीच असते.

काळ्यावरून मला माझंच आठवतं. 1971 साली मी आठ वर्षांची होते. वडील आधीच गेले होते, आणि 3 डिसेंबरला लढाई सुरू झाली. ब्लॅकआउट होता. आईनं खिडकीच्या काचांना आतून काळे कागद खळीनं चिकटवले. संध्याकाळी एका कोपऱ्यात कंदील बारीक करून ठेवलेला असे आणि करायला काहीच नसे. शाळेतून आणलेला खडूचा तुकडा माझ्याकडे होता. मी त्या काळ्या कागदावर वडिलांच्या चपला काढल्या. कोल्हापुरी, उजव्या पायाच्या चपलेचा अंगठा तुटून शिवलेला. तो शिवलेला दोरा मी तीनदा पुसून पुन्हा काढला, तो जमेपर्यंत मला चैन नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा दाढीचा मग काढला.

आई बघून काही बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर चपलांच्या शेजारी कुणीतरी पाट काढला होता. वाकडातिकडा, चारही पाय एकाच बाजूला. वडील जेवायला बसायचे तो पाट. आईला चित्र काढताना मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. मी त्या पाटापुढं ताट काढलं. तिनं रात्री ताटात काहीतरी गोल काढलं, भाकरी असावी. आम्ही दोघी याबद्दल एक शब्दही बोललो नाही. 16 तारखेला लढाई थांबली, गल्लीत सगळ्यांनी कागद खरवडून काढले. आईनं आमचा तो एक कागद ओल्या फडक्यानं कडा भिजवून सावकाश सोडवला आणि गुंडाळून ठेवला. वडील फेब्रुवारीत आले.

त्याच दिवसांत शाळेत मला वर्गासमोर उभं करून फळ्यावर रणगाडा काढायला सांगितलं होतं, कारण माझे वडील लढाईवर होते. मी काढला. टाळ्या पडल्या. माझे वडील सॅपर, त्यांचं काम पूल बांधायचं आणि सुरुंग काढायचं. रणगाडा मी कधी जवळून पाहिलेला नव्हता. घरी येऊन मी उलटी केली. शिक्षकांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना माझं कौतुकच करायचं होतं. पण तो रणगाडा माझा नव्हता आणि मी तो माझा असल्यासारखा काढून दाखवला, हे मला त्या वयातही डाचत राहिलं. म्हणून तुमच्या मुलाच्या कागद फाडण्याविषयी मी जरा आवेशानं लिहिणार आहे, समजून घ्या.

सीमेवरचा जवान तुमच्या मुलानं पाहिलेलाच नाही. त्यानं पाहिलाय तो सुट्टीवर आलेला जवान, दोन दिवसांचा प्रवास करून आलेला आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपलेला. पांघरुणातून पाय बाहेर, मोज्याला भोक. ते भोक त्यानं मनानं घातलेलं नाही, जवळ बसून पाहिलेलं आहे. तुम्ही लिहिता की डिसेंबरात दोन दिवस तो त्यांच्याजवळ गेला नाही. ताई, तो गेला होता. ते झोपलेले असताना. चित्रकलेच्या शासकीय एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा स्वतंत्र पेपर असतो, पाहिलेलं लक्षात ठेवून काढायचा. त्या पेपरात बहुतेक मुलं बाजार आणि जत्रा ठरलेल्या साच्यात काढतात. मोज्याचं भोक लक्षात ठेवणारा मुलगा मला तीस वर्षांत फार वेळा भेटला नाही.

तो फाडलेला कागद तुम्ही टाकला नसेल तर त्याला विचारून मागच्या बाजूनं चिकटपट्टी लावा. आधी विचारा मात्र. फाडणं हेही त्याचंच होतं.

आणि मॅडमना भेटा. भांडायला नको. चाळीस मुलांची पोस्टर्स भिंतीवर लावायची, साहेब पाहायला येणार, त्यांना विषयाला धरून काहीतरी हवं असतं. त्यांना फक्त सांगा की याचे वडील सध्या फील्डला आहेत, आणि त्यानं काढला होता तो त्याच्या घरातला जवान होता. एवढं कळलं की बहुतेक शिक्षक वेगळ्या नजरेनं बघतात. जमलं तर विनंती करा की 26 जानेवारीला विषय ‘आमच्या घरातला फौजी’ असा ठेवावा. त्या वर्गात अशी आणखी मुलं असणारच. केंद्रीय विद्यालयं 1963 साली मुळात बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांसाठीच सुरू झाली, सुरुवातीच्या वीस शाळा तर रेजिमेंटच्याच होत्या. तुमची शाळा कुठलीही असो, पुण्यात छावणीच्या आसपासच्या कुठल्याही वर्गात फौजी घरातलं पोर तुमचं एकटंच नसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मी विचारते. त्याचं मराठी कसं आहे? चार शाळांत फिरलेलं पोर घरी सातारी बोलतं, बाहेर हिंदी बोलतं, आणि पुण्यातली मुलं ‘मेरेको भूक लागली’ ऐकून हसतात. अशा मुलाला शब्द जपून वापरावे लागतात. कागदावर त्याच्या उच्चाराला कुणी हसत नाही. तो बोलत कमी आणि काढत जास्त असेल तर त्यामागं हेही असू शकेल, तेव्हा सगळा भार पप्पांच्या जाण्यावर टाकू नका.

सासूबाईंविषयी. त्या ‘हळवं नसावं’ म्हणतात, पण ताई, फील्डला त्यांचा मुलगा आहे. त्यांनी आंतरदेशीय पत्राची वाट बघत दिवस काढलेत, आणि तेव्हा त्यांना कुणी विचारलं नसेल की तुम्हाला काय वाटतं. तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. त्यांची नावनिशाणी राहिली, चांगलंच झालं. त्यांच्या पोरांनी त्या वर्षांत धुळीत बोटानं काय काढलं असेल ते मात्र कुणी जपून ठेवलं असेल असं वाटत नाही. सासूबाईंना चित्रांपासून दूर ठेवू नका, उलट आत ओढा. ‘पप्पा तुझ्याएवढे असताना कसे दिसायचे ते आजीला विचार आणि काढ’ असं नातवाला सांगा. त्या ‘नाक असं नव्हतं, बसकं होतं’ म्हणत त्याच्या शेजारी बसतील, बघा. मैदानावरही पाठवाच. त्यांचं ते म्हणणं बरोबर आहे. पण खेळण्यासाठी पाठवा. चित्रांची शिक्षा म्हणून नको.

क्लास सध्या नको. नऊ-दहाव्या वर्षी मुलांना चित्र ‘खऱ्यासारखं’ यावंसं वाटायला लागतं. खोडरबर झिजतं, आणि मनासारखं आलं नाही की बरीच मुलं याच वयात चित्र सोडून देतात. अशा वेळी दोन डोंगरांमधला तोच सूर्य वीस मुलांबरोबर काढायला बसवलं तर त्याची ट्रंक जाईल, पण तिच्याबरोबर तो मोजाही जाईल. बारा वर्षांचा झाला आणि त्यालाच वाटलं तर परीक्षांचं बघू. आत्ता त्याला कागद हवेत, भरपूर आणि स्वस्त. एका बाजूनं कोरे असलेले कागद रद्दीवाल्याकडे मिळतात. ऑइल पेस्टल हवेत आणि काळा खडू सुटा मिळाला तर डझनभर घेऊन ठेवा. रविवारी सकाळी एम्प्रेस गार्डनला न्या, तुमच्यापासून लांब नाही. तिथल्या जुन्या झाडांखाली बसून काढू द्या. झाडाखाली ट्रंक आली तर येऊ द्या.

अजून एक खेळ आहे, तो तुमच्या क्वार्टरमधल्या चार-पाच मुलांना एकत्र बसवून करता येईल. आधीच्या पोस्टिंगवरच्या घराचा नकाशा काढायचा. पेरूचं झाड कुठं होतं, नळ कुठं होता, कुत्रं कुठं झोपायचं, शाळेची बस कुठं थांबायची. फौजी मुलांना हे भयंकर चांगलं येतं. मोठी माणसं म्हणतात मुलं लवकर विसरतात, पण कागद पुढं ठेवा आणि बघा. मी आजही वडिलांच्या एका पोस्टिंगमधल्या स्वयंपाकघरातला कोनाडा मोजून काढू शकते. अमेरिकेत 1986 पासून एप्रिल महिना फौजी मुलांचा म्हणून पाळतात. तिकडं या मुलांचं चिन्ह म्हणून डँडेलियनचं फूल घेतलंय, कारण त्याचं बी आपल्या रुईच्या म्हातारीसारखं उडतं आणि पडेल तिथं रुजतं. छान आहे. पण आपल्या मुलांना विचारायला हवं की त्यांचं चिन्ह काय. तुमच्या चिरंजीवांनी उत्तर आधीच देऊन ठेवलंय असं मला वाटतं. आर्मीच्या बायकांची आवा ही संस्था 1966 पासून काम करते, तिथल्या वेलफेअरच्या बैठकीत हा विषय काढा. एक व्हरांडा आणि दोन सतरंज्या एवढ्यावर भागतं.

डॉक्टरांचं. चित्र दाखवायला जायची गरज मला दिसत नाही. मुलाला दाखवायची गरज आहे का, हे चित्राबाहेर बघून ठरवा. झोप उडाली आहे का, रोज दचकून उठतो का, अंथरूण ओलं करायला लागलाय का, जेवण तुटलंय का, शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं का, आवडीचा खेळ सोडलाय का. यातलं काही दोन-तीन आठवडे टिकून असेल तर थांबू नका. तो स्वतःला इजा करायची भाषा बोलला तर त्याच दिवशी जा. कमांड हॉस्पिटल तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये आपल्या पुण्यातच, एएफएमसी या सैन्याच्या मेडिकल कॉलेजात सुरू झाला. आणि हा नंबर तुमच्यासाठीही आहे. वर्षभर तुम्ही एकटीनं दोन मुलं, सासूबाई आणि रात्रीचे फोन सांभाळताय, आणि पत्रात स्वतःबद्दल लिहिलंत ते फक्त झोप लागली नाही एवढंच.

आता ह्यांना कळवायचं की नाही. कळवा. तुमच्या पत्रातलं हे एकच मला पटलं नाही. त्यांच्या डोक्याला ताप नको म्हणून तुम्ही मुलाची चित्रं लपवताय, पण तिकडं बसलेल्या माणसाला घरून कुणी काही सांगत नाही याचाच जास्त ताप होतो. आमचे वडील म्हणायचे, ‘सगळं ठीक’ एवढंच पत्रात असलं की मी पत्र उलटसुलट करून बघायचो. फोनवर ‘पोरगं सारखी पेटी काढतंय, मला काळजी वाटते’ असं तोडून सांगू नका, नेटवर्क मधेच जातं आणि अर्धं वाक्य रात्रभर छळतं. चित्रच पाठवा. पोस्टानं. पत्ता तुम्हाला पाठच असेल, नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत 56 किंवा 99 एपीओ (सैन्याचं पोस्ट ऑफिस), आणि 9 ने सुरू होणारा पिनकोड. मुलाला तो स्वतःच्या हातानं लिहू द्या. त्या पिनकोडवरून पाकीट कुठल्या डोंगरावर जातं ते कुणालाच कळत नाही, त्यालाही नाही, पण ते पोचतं. मोबाइलवर फोटोही पाठवा हवं तर, फक्त चित्रात युनिटचं नाव किंवा जागा लिहिलेली असेल तर ते स्टेटसला ठेवू नका. तुम्हाला हे सांगायला नको, शेजारणींना सांगा.

पहिलं चित्र मोज्याचं पाठवा. आणि दुसरं अर्धं पाठवा. म्हणजे मुलानं कागदाच्या डाव्या बाजूला काहीही काढायचं, उजवी बाजू कोरी सोडायची, पप्पांनी ती पुरी करून परत पाठवायची. ते म्हणतील मला चित्र येत नाही. आमच्या आईलाही येत नव्हतं. बॉलपेननं काढलेला वाकडा तंबू आला तरी चालेल. तो कागद परत येईल तेव्हा तुमच्या मुलाला कळेल की पप्पा पेटीत नाहीत, कुठंतरी बसून त्याच्याच कागदावर वाकलेले आहेत.

सुट्टीची तारीख कॅलेंडरवर लिहून एकेक दिवस खोडायची पद्धत घराघरांत असते. तुमच्याकडे असेल तर बंद करा, मी पाया पडून सांगते. सुट्टी पुढं ढकलली जाते, रद्द होते, आणि मग ते खोडलेले चौकोन मुलाला फसवल्यासारखे दिसतात. त्याऐवजी गेलेल्या दिवसांचं ठेवा. रोज रात्री आगपेटीएवढा एक चौकोन, त्यात त्या दिवसाचं एक चित्र. आज सांडगे केले, आज छोटीनं पायरीवर आपटून घेतलं, आज मॅच हरलो. ते आले की त्यांच्यापुढं ती पट्टी उलगडायची. घरी आल्यावर पहिले दोन दिवस मुलगा लांब राहिला याचं त्यांनाही लागलं असेल. अशी पट्टी हातात असली की बापाला विचारायला काहीतरी असतं आणि पोराला दाखवायला. तरीही तो दोन दिवस लांब राहिला तर राहू दे. त्यांना सांगून ठेवा की तुम्ही झोपलात की तो येऊन बसतो.

शेवटचं चित्रं ठेवण्याचं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं त्या तेरेझीनच्या छावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार मुलांना चित्रं शिकवायची. तिथलं दुःख वेगळं, आपली त्याच्याशी तुलना होत नाही. पण ती मुलांना प्रत्येक चित्रावर आपलं नाव घालायला सांगायची, हे मी तिच्याकडून घेतलं. 1944 मध्ये तिला तिथून ऑशविट्झला नेलं, त्याआधी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं तिनं दोन सुटकेसमध्ये भरून मागं ठेवली. ती मुलांच्या नावांसकट वाचली. तुम्ही बोहरी आळीतून पत्र्याची एक लहान पेटी आणा. काळा रंग लावा, आणि झाकणावर पांढऱ्यानं त्याचं नाव त्यालाच लिहू द्या. रँक काय लिहायची ते तो ठरवेल. पुढच्या पोस्टिंगला ती पेटी पप्पांच्या ट्रंकेशेजारी ट्रकमध्ये चढेल.

ता. क. — ऑइल पेस्टलचं चित्र पाठवताना वर बटरपेपर ठेवा, नाहीतर काळा रंग पाकिटाला लागतो. घडी घालू नका, मागं जुन्या वहीचा पुठ्ठा लावा. मोज्याचं चित्र चिकटपट्टी लावलेलं असेल, तर ते दोन पुठ्ठ्यांच्या मधे घाला.